माइल्स एकाचे, विमान दुसऱ्याचं

"तू त्या एअरलाइनने कधी गेलाच नाहीस, मग त्यांच्या बिझनेस क्लासचं तिकीट माइल्सवर काढलंस कसं?" हा प्रश्न मला इतके जण विचारतात की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं, पुढच्या वेळी नुसती लिंक फेकली की काम झालं. उत्तर खरं तर छोटंसं आहे, माइल्स (विमान कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना देतात ते पॉइंट्स, ज्यांवर तिकीट काढता येतं) दुसऱ्याच कंपनीचे होते. आणि गंमत म्हणजे ज्या कंपनीचं विमान आहे तिचेच माइल्स वापरणं हा कित्येकदा सगळ्यात महागडा रस्ता असतो, तीच सीट, तोच दिवस, पण तिच्या पार्टनर कंपनीच्या माइल्सवर काढली तर बरीच स्वस्त पडते.

असं का होतं ते आधी. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात एएडव्हांटेज हा आपला माइल्सचा प्रोग्राम चालू केला तेव्हा हिशोब सरळ होता, जितके मैल उडाल तितके माइल्स, आणि खर्च पण बहुतेक त्यांच्याकडेच करायचे. मग १९९७ मध्ये युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाई आणि एसएएस या पाच जणांनी मिळून स्टार अलायन्स हा विमान कंपन्यांचा गट काढला, १९९९ ला वनवर्ल्ड आली, २००० ला स्कायटीम, आणि एकाचे माइल्स दुसऱ्याच्या विमानात चालायला लागले. (त्या पाचातली एसएएस २०२४ मध्ये स्टार सोडून स्कायटीममध्ये गेली, संस्थापकच घर सोडून गेला म्हणायचं.) आता स्वतःच्या विमानातल्या सीटचा माइल्समधला भाव कंपनी रोज, मागणी बघून वरखाली करू शकते. डेल्टाने २०१५ मध्ये अवॉर्ड चार्टच (माइल्सवरच्या तिकिटांच्या ठरलेल्या भावांचा तक्ता) काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. पण पार्टनरच्या विमानातली सीट तुम्हाला द्यायची तर प्रोग्रामला त्या पार्टनरला आधी ठरलेल्या दराने पैसे मोजावे लागतात, म्हणून बऱ्याच प्रोग्राम्सनी पार्टनरसाठी तरी ठरलेला चार्ट ठेवलाय. आपल्या कामाचा आहे तो हा चार्ट.

बरं, नुसती अलायन्स पाठ करून भागत नाही, कारण अलायन्सच्या बाहेरही दोन-दोन कंपन्यांची आपापसात सोयरीक असते. व्हर्जिन अटलांटिक स्कायटीममध्ये, जपानची एएनए स्टारमध्ये, तरी व्हर्जिनच्या पॉइंट्सवर एएनएची सीट मिळते आणि जाणकारांमध्ये ती फेमस डील आहे. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही, तरी एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या प्रोग्रामवर ती दिसते. एतिहादही कुठेच नाही, पण एएडव्हांटेजचे माइल्स तिला चालतात. म्हणून "माझ्याकडे कोणाचे माइल्स आहेत" इथून सुरुवात करूच नका. मला कुठल्या विमानातल्या कुठल्या सीटवर झोपून जायचंय, आणि त्या सीटला कोणाकोणाचे माइल्स चालतात, असं उलटं जा.

आता ग्यानबाची मेख. चार्टवर भाव असणं वेगळं आणि सीट असणं वेगळं. विमान चालवणारी कंपनी ठरावीक सीट्सच पार्टनरसाठी सोडते आणि त्यांचा एक वेगळा कप्पा असतो, स्टार अलायन्समध्ये बिझनेस अवॉर्डसाठी 'आय', इकॉनॉमीसाठी 'एक्स', फर्स्टसाठी 'ओ'. त्या कप्प्यात शून्य असेल तर विमान अर्धं रिकामं जात असलं तरी तुम्हाला काही मिळणार नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सिंगापूर एअरलाइन्स लांबच्या फ्लाइट्सवरचा बिझनेस क्लास पार्टनर्सना जवळजवळ दाखवतच नाही, तिथे बसायचं तर त्यांचे स्वतःचे क्रिसफ्लायर माइल्सच लागतात. स्विसचं फर्स्ट क्लास तर पार्टनरकडून विसराच, त्यांच्या घरच्या प्रोग्राममध्ये वरचं स्टेटस असेल तरच. लुफ्तान्साचं फर्स्ट पार्टनरना सहसा शेवटच्या पंधरवड्यात दिसायला लागतं. प्रत्येक कंपनीच्या अशा तऱ्हा असतात आणि त्या माहीत नसतील तर माणूस महिनाभर रोज शून्य बघत बसतो.

सीट्स कधी सुटतात? ढोबळमानाने दोनदा. एकदा वेळापत्रक उघडतं तेव्हा, म्हणजे प्रवासाच्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी, आणि एकदा अगदी शेवटी, जेव्हा कंपनीला कळतं की या सीट्स आता पैशाने विकल्या जात नाहीत. मधले महिने ओसाड. आता यात पण एक बारीक गोष्ट आहे, सगळ्या प्रोग्राम्सची कॅलेंडरं एकाच दिवशी उघडत नाहीत. एएनए स्वतः ३५५ दिवस आधी सीट दाखवते, पण युनायटेडचं कॅलेंडर ३३७ दिवसांचं, म्हणजे युनायटेडचे माइल्सवाले अडीच आठवडे नुसते बाहेर उभे. मागणीच्या सीझनमध्ये तेवढ्यात खेळ खल्लास.

माझी स्वतःची पद्धत अशी की वर्षभर आधी जे बरं मिळतंय ते घेऊन ठेवायचं आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चांगलं काही उघडतंय का ते बघायचं. हे जमतं कारण युनायटेड, अमेरिकन अशा प्रोग्राम्सनी २०२० मध्ये अवॉर्ड तिकीट रद्द करून माइल्स परत घेण्याची फी काढून टाकली. एरोप्लॅनमध्ये मात्र रद्द करायला पैसे पडतात, म्हणजे तिथे हा खेळ हात राखून.

शोधायचं कसं हे सगळे विचारतात आणि सगळ्यांना एक जादूची वेबसाइट हवी असते. आहेत तशा, सीट्स डॉट एअरो आहे, पॉइंट डॉट मी आहे, मी पण वापरतो, पहिल्या नजरेला फार उपयोगी. (सीट्स डॉट एअरोवर एअर कॅनडाने २०२३ मध्ये चक्क कोर्टात दावा ठोकला होता, त्यावरून समजा की ही माहिती कंपन्यांना किती झोंबते.) पण खरं काम हाताने करायचं असतं आणि ते टप्प्याटप्प्याने करायचं असतं. घरापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत अख्खा प्रवास टाकून सर्च केलं की साइट म्हणते काही नाही, किंवा तीन विमानं बदलून चाळीस तासांचं काहीतरी समोर टाकते. त्यापेक्षा आधी फक्त समुद्रापलीकडचा लांब टप्पा शोधा, हब ते हब, म्हणजे कंपन्यांच्या मुख्य विमानतळांमधला. तो मिळाला की अर्धी लढाई जिंकली, मागचे-पुढचे छोटे टप्पे जोडायला मिळतातच, नाही मिळाले तर वेगळं स्वस्त तिकीट काढता येतं. फक्त मग मधे भरपूर वेळ ठेवा, वेगळ्या तिकिटावरचं विमान चुकलं तर कोणी विचारत नाही.

आणि साइटने नाही म्हटलं म्हणजे नाही असं समजू नका, फोन उचला. एकदाचा संवाद जवळपास जसाच्या तसा देतो.

"सर, त्या तारखेला मला इथे काहीच दिसत नाहीये."

"मॅडम, शेवटचं शहर सोडा, फक्त लांबची फ्लाइट बघता का? नंबर सांगतो."

टकटक टकटक.

"हो, यात दोन दिसतायत."

"आता पुढची छोटी फ्लाइट तशीच एकटी बघा."

परत टकटक. "ही पण आहे. पण दोन्ही एकत्र टाकलं की सिस्टिम घेत नाहीये."

"हाताने जोडता येईल का, एकेक सेगमेंट करून?"

"थांबा हं, होल्डवर ठेवते तुम्हाला."

आणि मग ते भिकार संगीत. पण झालं, जोडलं तिने. प्रत्येक वेळी होतं असं नाही, कधी कधी कंपनीच लांबचा टप्पा फक्त अमुक कनेक्शनबरोबर विकायला सोडते, तेव्हा एजंटचाही इलाज नसतो. अशा वेळी वाद घालू नका, गोड बोलून फोन ठेवा आणि दुसऱ्या एजंटला लावा. फोनवर जाताना तारीख, फ्लाइट नंबर, क्लास हे सगळं कागदावर तयार पाहिजे, "बघा ना काहीतरी" म्हटलं की एजंटही तेच करणार जे साइट करते.

भुताटकी पण असते यात. पार्टनरच्या साइटवर सीट दिसते, तुम्ही प्रवाशांची नावं टाकता, कार्ड टाकता, आणि शेवटच्या बटणावर एरर. परत जा, सीट आहेच! परत करा, परत एरर. याला फँटम अव्हेलेबिलिटी म्हणतात, त्या साइटकडची माहिती शिळी असते, सीट केव्हाच गेलेली असते. उपाय एकच, तीच सीट दुसऱ्या प्रोग्रामच्या साइटवर पडताळायची, म्हणजे स्टारची सीट युनायटेडवर दिसली तर एरोप्लॅनवर पण बघा, दोन्हीकडे असेल तर बहुतेक खरी.

आणि हे पडताळल्याशिवाय, इथे मी अक्षरशः ओरडून सांगतोय, क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे ट्रान्सफर करू नका. तो वन वे रस्ता आहे, गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. काही ट्रान्सफर दोन मिनिटांत होतात, काहींना कित्येक दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट गेली तर तुमचे पॉइंट्स तिकडे अडकले. ट्रान्सफर बोनसची (पाठवलेल्या पॉइंट्सवर वर थोडे जास्त) ऑफर आली की लोक आधी पॉइंट्स पाठवतात आणि मग सीट शोधतात, मला हे अजिबात पटत नाही, बोनस कितीही चांगला असला तरी. पॉइंट्स कार्डाकडे असतात तोवर ते कुठेही जाऊ शकतात, तीच त्यांची किंमत.

चार्ट वाचायलाही शिका, त्यात मजा आहे. काही चार्ट प्रदेशावर चालतात, काही अंतरावर, एरोप्लॅनचा दोन्हीवर. उत्तर अमेरिका ते त्यांचा अटलांटिक झोन यात अंतराच्या पायऱ्या आहेत, ४००० मैलांपर्यंत एक भाव, मग ६०००, मग ८०००, मग पुढचं सगळं. न्यूयॉर्क ते फ्रँकफर्ट साधारण ३८५० मैल, म्हणजे पहिल्या पायरीत बसतं. त्याला पुढे व्हिएन्ना जोडलं की ४२०० च्या पुढे, पायरी बदलली, तासाभराच्या त्या फ्लाइटसाठी भाव वाढला. आणि युरोपातल्या युरोपात बिझनेस क्लास म्हणजे काय, तर बहुतेक ठिकाणी तीच इकॉनॉमीची सीट, फक्त मधली रिकामी ठेवतात आणि खायला बरं देतात! त्यासाठी पायरी चढायची का हे तुम्ही ठरवा, मी नाही चढत. ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओसचं (त्यांच्या पॉइंट्सचं नाव) पार्टनरसाठी वेगळंच, तिथे लांबचा एक प्रवास दोन विमानांत तोडला की एव्हिओस वाढत जातात, म्हणून ते नॉनस्टॉपसाठी वापरायचे.

उलट बाजूने फायदा पण घेता येतो. एरोप्लॅनवर एका बाजूच्या तिकिटात ५००० पॉइंट्स जास्त दिले की वाटेत स्टॉपओव्हर, म्हणजे मधल्या शहरात मुक्काम मिळतो, ४५ दिवसांपर्यंत (कॅनडा-अमेरिका सोडून). इस्तंबूल किंवा सिंगापूर असं एखादं शहर वाटेवर असेल तर एका तिकिटात दोन ट्रिपा.

आता खिशाला चाट. "फुकट तिकीट" म्हणून लोक उड्या मारतात आणि शेवटच्या पानावर सरचार्ज बघून गार होतात. टॅक्स सगळीकडे असतोच, तो सरकारचा. सरचार्ज हा कंपनीने स्वतः लावलेला असतो आणि तो कुठल्या प्रोग्राममधून तिकीट काढता त्यावर बदलतो. लुफ्तान्साचं तेच विमान, तीच सीट, पण काही प्रोग्राम्स तो जड सरचार्ज जसाच्या तसा तुमच्यावर टाकतात, आणि युनायटेड किंवा एरोप्लॅनमधून काढलं तर तो लागत नाही. एरोप्लॅनने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये हे सरचार्ज काढून टाकले, पार्टनरच्या तिकिटाला फक्त ३९ कॅनेडियन डॉलर बुकिंग फी ठेवली. म्हणजे कधी कधी पाच-दहा हजार माइल्स जास्त घेणारा प्रोग्राम प्रत्यक्षात स्वस्त पडतो, दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय कळत नाही. ब्रिटिश एअरवेजच्या स्वतःच्या अटलांटिकपारच्या फ्लाइट्सवर सरचार्ज दणकून असतो आणि एएडव्हांटेजचे माइल्स वापरले तरी सुटका नाही. त्यात ब्रिटनमधून लांबच्या प्रवासाला निघताना वरच्या क्लासला एअर पॅसेंजर ड्युटी जास्त लागते, म्हणून जाताना लंडनला उतरा खुशाल, पण परतीचा प्रवास दुसऱ्या देशातून सुरू करता आला तर करा.

बाय द वे, लोक जे गणित मांडतात ना, की बिझनेसचं रोख भाडं भागिले माइल्स म्हणजे माझ्या एका माइलला इतकी व्हॅल्यू मिळाली, त्यात मला फारसा राम वाटत नाही. ते रोख भाडं तुम्ही आयुष्यात भरणार होतात का? नव्हतात. मग कसली बचत. मला दहा तास आडवं झोपता आलं आणि उतरल्यावर माणसासारखं चालता आलं, एवढं पुरे.

तेही सीट खरंच आडवी होत असेल तर. बिझनेस क्लास हे नाव एक, आत काय मिळेल ते विमानावर. कतारची दार असलेली क्यूस्वीट त्यांच्या सगळ्या विमानांत नाही, ए३८० मध्ये तर नाहीच. टर्किशच्या ७७७-३००ईआर विमानांत वर्षानुवर्षं २-३-२ अशी रचना आहे, म्हणजे बिझनेसमध्ये मधली सीट! माइल्स तेवढेच जातात. म्हणून बुक करायच्या आधी विमानाचा प्रकार आणि सीट मॅप बघाच. आणि "मिक्स्ड केबिन" असं बारीक अक्षरात लिहिलंय का तेही, कारण साइट कधी कधी बिझनेसच्या भावात लांबचा टप्पा इकॉनॉमीत आणि छोटा टप्पा बिझनेसमध्ये टाकून देते आणि वर छान हिरव्या रंगात दाखवते.

बुकिंग झालं की पार्टी करू नका, अजून एक काम आहे. तुम्हाला जो पीएनआर मिळतो तो तुमच्या प्रोग्रामचा, विमान चालवणाऱ्या कंपनीचा पीएनआर वेगळा असू शकतो, तो मागून घ्या आणि त्यांच्या साइटवर टाकून बघा, सीट पण तिथूनच निवडता येते. आणि मुख्य म्हणजे ई-तिकीट नंबर आलाय का ते बघा. तो १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे, ०१६ म्हणजे युनायटेड, ०१४ एअर कॅनडा, १२५ ब्रिटिश एअरवेज. बुकिंग 'कन्फर्म्ड' दिसतंय पण १३ आकडे नाहीत, याचा अर्थ तुमच्याकडे रिझर्व्हेशन आहे, तिकीट नाही, आणि असं बुकिंग पार्टनरची सिस्टिम गुपचूप उडवून टाकू शकते. एक-दोन दिवसांत नंबर नाही आला तर फोन करायचा, शरमायचं नाही.

ते तीन आकडे पुढेही कामाला येतात. वेळापत्रक बदललं, कनेक्शन तुटलं, की विमानवाले म्हणतात तिकीट त्यांचं आहे त्यांना विचारा, आणि तिकीटवाले म्हणतात विमान त्यांचं आहे. प्रवासाच्या आधी बदल झाला तर ज्यांचे पहिले तीन आकडे त्यांनीच निस्तरायचं, हे धरून चाला आणि तिथेच चिकटून राहा. प्रवासाच्या दिवशी एअरपोर्टवर मात्र विमान चालवणाऱ्यांच्या काउंटरवरच उभं राहायचं.

माइल्स साठवून ठेवावेत का? नाही. क्रिसफ्लायरचे ३६ महिन्यांत संपतात, खात्यात हालचाल असली तरी. एरोप्लॅनला १८ महिने खात्यात हालचाल नसली की जातात, एएडव्हांटेजला २४, युनायटेडचे संपत नाहीत. पण संपण्यापेक्षा भाव वाढण्याची भीती मोठी, आणि तो वाढवायला कंपनी तुमची परवानगी घेत नाही, नियमांत लिहिलेलंच असतं की हे माइल्स तुमची मालमत्ता नाहीत. त्यांच्यासाठी मात्र ती मालमत्ता आहे बरं का, २०२० मध्ये विमानं जमिनीवर होती तेव्हा युनायटेडने मायलेजप्लस हा प्रोग्रामच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले.

राहिला फॅमिलीचा प्रश्न, चार सीट एकत्र कशा मिळतील. सांगतो, बहुतेक मिळणार नाहीत. पार्टनरला एका फ्लाइटवर बिझनेसच्या दोन सीट सुटल्या म्हणजे चांगला दिवस. साइटवर चार प्रवासी टाकून सर्च केलं तर शून्य येणार, दोन टाका, मग दिसायला लागतं. मग दोघं फ्रँकफर्टवरून, दोघं झुरिकवरून, एकेका मोठ्याबरोबर एकेक पोर, आणि पुढे एकत्र. किंवा दोघं बिझनेसमध्ये आणि दोघं मागे इकॉनॉमीत, पण मागे कोण बसणार हे माइल्स उडवायच्या आधी घरात ठरवून घ्या.